नष्ट केलेल्या कागदांची यादी

७ ऑगस्ट

बाजारातून येताना ही जिन्यात तीनदा थांबली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे मजल्यागणिक एक थांबा. पहिल्या मजल्यावर शिंपीणबाईंशी गप्पा. दुसऱ्यावर कुणाच्या तरी कुंडीची विचारपूस, "पानं पिवळी का हो पडलीत?", आणि ती एका बंद दाराला. शेवटच्या वळणावर तर नुसतीच कठडा धरून उभी. "काय बघतेस?" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." मी पुढे होऊन दोन्ही पिशव्या घेऊन दारात ताटकळत. किल्ली हिच्याकडे.

माणसाला वयाबरोबर गप्पिष्टपणा येतो म्हणतात. पण कुंडीशी?

१४ ऑगस्ट

हिच्या नव्या चपलेवरून दुकानदाराशी भांडून आलो. सकाळी पायात बसते, संध्याकाळी बसत नाही, असली चप्पल मी जन्मात पाहिली नाही. तो म्हणाला, "काका, चप्पल तीच आहे, पाय बघा." मी म्हटलं, पाय आमच्या घरचे आहेत, तुम्ही चपलेचं बघा. बदलून आणली.

हल्ली ही तीन उशा घेते. त्यातली एक माझी. अर्धवट बसूनच झोपते, जशी काही पहाटेची गाडी गाठायची आहे.

दुपारी म्हणाली, "अहो, मला जरा बोलायचंय. छातीत..." मी उठून रेडिओ लावला. वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे म्हणून लिहितो: बातम्यांची वेळ अजून झाली नव्हती. हिला सोळा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. डाव्या बाजूला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, ही बरी झाली. तेव्हापासून तो शब्द मी घरात उच्चारलेला नाही आणि कुणाला उच्चारू दिलेला नाही. डावा हात अधूनमधून सुजतो, म्हणून जड पिशव्या मी उचलतो. त्या विषयाशी माझा संबंध तेवढाच. संपलेल्या गोष्टीला पुन्हा हात लावू नये.

वाफ घे म्हटलं. घेतली बिचारीने.

१९ ऑगस्ट

लेकीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते, आठवड्याला एकदा बोलते. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "बाबा, आई धापा का टाकतेय?"

"स्वयंपाकघरातून पळत आली फोनला."

"स्वयंपाकघर आठ पावलांवर आहे, बाबा."

आमची लेक लहानपणापासून मोजमापात पक्की. माझ्यावर गेली आहे. शुक्रवारपर्यंत डॉक्टरला दाखवा नाहीतर मी येते, म्हणाली. दाखवतो. उगाच रजा कशाला वाया घालवायची तिने.

२३ ऑगस्ट

हे जरा सविस्तर लिहायला हवं.

नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती तरुण बाई आहे, आमच्या लेकीच्या वयाची, केस वर बांधलेले, बोलणं थेट. तिने यंत्राने हृदय तपासलं. म्हणाली, "पंपिंग पस्तीस टक्के आहे. साठच्या आसपास हवं. पाय सुजतात का? आडवं झाल्यावर दम लागतो?"

ही म्हणाली, "चार महिने झाले."

चार महिने! आणि मी चपलेवरून भांडत होतो.

"पूर्वी काही मोठं आजारपण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणालो, "विशेष काही नाही." आणि त्याच वेळी ही म्हणाली, "कॅन्सर झाला होता. सोळा वर्षांपूर्वी." शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शिरेतून लाल रंगाचं औषध दिलं होतं का?" ही बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, "फाईल बघून सांगतो." मग त्यांनी समजावलं. ते लाल औषध जीव वाचवतं, पण काही जणींचं हृदय त्याने हळूहळू अशक्त होतं, कधी दहा-पंधरा वर्षांनी कळतं. डाव्या बाजूला रेडिएशन झालं असेल तर धोका आणखी. म्हणून अशा बायकांनी वर्षा-दोन वर्षांनी हृदय तपासून घ्यायचं असतं. लवकर सापडलं तर गोळ्यांनी सावरता येतं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं कुणी?"

"नाही," मी म्हणालो. ही माझ्याकडे बघत होती.

आता प्रश्न असा. औषध किती वेळा दिलं आणि किती दिलं हे कळलं, तर दुखणं त्याचंच की दुसरं काही याचा अंदाज येईल. नाहीतर नळी घालून रक्तवाहिन्या बघायच्या. त्यासाठी जे औषध शरीरात सोडतात ते हिच्या मूत्रपिंडांना सोसेल याची खात्री नाही, ती आधीच नाजूक आहेत. "गोळ्या आजपासून सुरू करते. तुम्ही ते जुने कागद तेवढे आणा," म्हणाल्या. मी म्हटलं, आणतो.

कागद नाहीत. सहा वर्षांपूर्वी ते मीच नष्ट केले.

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली. तिथे प्रत्येक फाईलला मुदत असते. काही कायम ठेवायच्या, काही तीस वर्षं, बऱ्याचशा दहा. मुदत संपली की पानापानाची यादी करायची, साक्षीदाराची सही घ्यायची आणि फाईल कागद फाडायच्या मशीनमध्ये घालायची. यादी मात्र कायम ठेवायची. हिच्या आजाराची फाईल मी तशीच ठेवली होती: निळा पुठ्ठा, पाठीवर क्रमांक, आत टाचणीलाही गंज नाही. उपचाराला दहा वर्षं झाली त्या दिवशी मी शिस्तीत यादी केली, साक्षीदार म्हणून हिची सही घेतली, फाईल कचेरीत नेली आणि मशीनमध्ये घातली. घरी आलो तो गाणं म्हणत आलो. "सुटलीस," म्हटलं हिला. हिला त्याहून चांगली भेट कुणी दिली नसेल असं मला वाटत होतं.

सही करताना हिने विचारलं होतं, "सगळंच का?" मी म्हटलं, "सगळंच."

२६ ऑगस्ट

जुन्या हॉस्पिटलात गेलो. तिथली रेकॉर्डवाली बाई तळघरात बसते. कपाटं नीट, चिठ्ठ्या नीट, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या. माझ्यासारखंच कुणीतरी दिसलं की बरं वाटतं. तिने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "दहा वर्षांची मुदत होती. नष्ट." खाली दोन सह्या, शिक्का. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

"तुम्ही घरी प्रत ठेवली असेल ना?" म्हणाली. "लोक ठेवतात."

२७ ऑगस्ट

सकाळी ही म्हणाली, "अहो, ऐका ना. ते औषध..." मी म्हटलं, "तू पडून राहा. कागद शोधणं माझं काम आहे, त्यात मी मुरलेला माणूस आहे." हिने पांघरूण ओढून घेतलं. मी तेव्हा जिथून औषधं आणायचो त्या दुकानात गेलो. तिथे आता मोबाइल विकतात.

२ सप्टेंबर

हिच्यावर उपचार करणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा पत्ता मिळाला. आता मुलाकडे राहतात, बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले असतात. मला ओळखलं नाही. फाईल म्हटल्यावर मात्र खुदकन हसले. "व्हरांड्यातले फाईलवाले! आत औषध चालू असायचं आणि तुम्ही बाहेर बाकावर कागद लावत बसायचात."

हो, बसायचो. आत मला बघवत नसे. कुणाला तरी कागद लावायलाच हवे होते.

मी विचारलं, लाल औषध किती वेळा दिलं? ते म्हणाले, "एवढ्या पेशंटांचं कसं आठवेल? तिलाच विचारा की. ती मोजायची." मी म्हटलं, नेमका आकडा हवाय. ते पुन्हा तेच. "तिला विचारा. आहे ना ती?"

वय झालं की माणूस एकाच वाक्यावर अडकतो. चांगला माणूस होता. वाईट वाटलं.

हिने विचारलं, "भेटले का डॉक्टर? कसे आहेत?" मी म्हटलं, काही उपयोग नाही, स्मृती गेली. ही म्हणाली, "अरेरे. माझी आठवण काढली का?" मी म्हटलं, उगाच बोलून दम लावून घेऊ नकोस.

५ सप्टेंबर

यादी सापडली. निरोप समारंभात मिळालेल्या बॅगेत, सेवापुस्तकाच्या प्रतीखाली. बावन्न नोंदी, माझं अक्षर, एकही खाडाखोड नाही. वाटलं, औषधाचा आकडा असेल. पण नाही, आकडे यादीत येत नाहीत. विषय, पाने, स्थिती, एवढंच येतं. "औषधोपचार तक्ता, पाने ६, स्थिती चांगली." त्या सहा पानांवर होतं सगळं.

आणि मग नोंद अडतीस. "घरी जाताना दिलेले सूचनापत्र, दीर्घकालीन तपासण्यांबाबत. पाने २. स्थिती चांगली."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं का कुणी. सांगितलं होतं. दोन पानं भरून लिहून दिलं होतं. मी त्याचा मथळा वाचला, पानं मोजली, टाचणी काढून वेगळी ठेवली. मजकूर वाचला नाही. रेकॉर्ड रूममध्ये मजकूर वाचत बसलं तर कामं होत नाहीत. मी एकतीस वर्षं असंच काम केलं आणि सगळे मला नावाजत होते.

हिला दाखवली नाही. घडी घालून पाकिटात ठेवली आहे. मी काय करून बसलो आहे हे मला कळतंय, पण मोठ्याने म्हणायचं धाडस नाही.

८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, कागदांचं काय झालं. शोध चालू आहे म्हणून कळवलं. कसला शोध? आता कुठे जायचं तेही मला ठाऊक नाही. दिवसभर हिच्या नजरेसमोर नको म्हणून बाहेर भटकलो आणि घरी आल्यावर सांगितलं की चौकशी करत होतो. ही म्हणाली, "दमलात. बसा." हिच्या ओठांना निळसर झाक आहे.

११ सप्टेंबर

सकाळी सात वाजता हिला एक पूर्ण वाक्य बोलता येईना. "मला... खिडकी..." एवढंच. अँब्युलन्सवाल्यांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. फुफ्फुसांत पाणी साठलंय. वॉर्डात नाकाला ऑक्सिजन, लघवीची औषधं, हाताला सुई. परिचारिका डाव्या हाताला सुई लावायला निघाली तर हिने तशा अवस्थेत हात मागे ओढला आणि उजवा पुढे केला. डाव्या हाताला सुई लावायची नाही, हे म्हणे त्या ऑपरेशनच्या वेळीच सांगितलेलं असतं. मला माहीत नव्हतं.

लेकीला कळवलं. निघाली आहे.

१३ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. हिला बरं होतं, उशांना टेकून बसली होती. लेक पायाशी, मी खिडकीशी. "कागद मिळाले का?" मी पाकिटातून यादी काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मिळाले नाहीत, मीच नष्ट केलेत, ही त्याची यादी, आणि नोंद अडतीस बघा, तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो ते चूक होतं. एका दमात बोललो. लेकीने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने ओरडून घेतलं असतं तर बरं.

डॉक्टरीणबाईंनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "यात आकडे नाहीत."

तेव्हा लेक आईकडे वळली. "आई, तुला आठवतं का गं काही?"

"विचारलं बाई एकदाचं कुणीतरी," ही म्हणाली. आणि सांगायला लागली. मध्ये थांबत, श्वास घेत, पण एकदाही अडखळली नाही. "लाल औषध सहा वेळा. तीन आठवड्यांनी एकदा. पिशवीवर चिठ्ठी असायची, पंचाहत्तर लिहिलेलं. मी वाचायचे, तिथे दुसरं वाचायला काय होतं? चौथ्या वेळी साठ दिलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. दर वेळी आधी वजन करायचे. बावन्नापासून सुरू केलं, शेवटी सत्तेचाळीस होतं. उंची पाच फूट एक. मग रेडिएशन, पंचवीस दिवस, डावीकडे."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मनात गणित करून म्हणाल्या, "पुरे. मला हवं होतं ते सगळं आलं. त्या औषधाचंच आहे हे, मला वाटत होतं तसंच. नळी घालायची घाई आता करत नाही, औषधं बदलून बघू." मग वर बघून, "अहो, पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का? तीन आठवडे गेले."

हिने माझ्याकडे पाहिलं. "राहून गेलं," म्हणाली.

राहून गेलं! मी तीन आठवडे तळघरं आणि बाल्कन्या पालथ्या घातल्या आणि जिला सगळं पाठ होतं तिला गप्प पड म्हणून सांगत होतो. ते हिने स्वतःच्या अंगावर घेतलं.

"मधल्या काळात हृदय कधीच तपासलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तपासलं की. दर दोन वर्षांनी. पाच वेळा."

"आई!" लेक म्हणाली. "कुणाबरोबर जायचीस?"

"एकटी. यांच्याजवळ विषय काढला की यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा. रिपोर्ट चांगले यायचे, मी आणून फाईलला लावायचे. म्हटलं, एवढी नीटनेटकी फाईल आहे, तिथेच राहू दे."

लेकीने यादी उचलली आणि वाचायला लागली. "नोंद अठ्ठेचाळीस, हृदय तपासणी अहवाल, पान एक, स्थिती चांगली. एकोणपन्नास, हृदय तपासणी अहवाल..." बावन्नपर्यंत. पाच नोंदी. माझ्या अक्षरात. तारखेचा रकाना मी ठेवला नव्हता, सगळं एकाच आजाराचं म्हणून.

"आणि मग का थांबलीस?" लेकीने विचारलं. मला ते ऐकायचं नव्हतं, पण वॉर्डात जाणार कुठे?

ही माझ्याशीच बोलली, लेकीशी नाही. "मला वाटलं, तुम्ही ते रिपोर्ट वाचलेत. यादी करताना दिसलेच असतील. वाचूनही सगळं नष्ट करताय, म्हणजे तुम्हाला हे आता घरात नकोय. सही घेऊन गेलात आणि गाणं म्हणत परत आलात. दहा वर्षांत तुम्हाला गाताना ऐकलं नव्हतं मी." श्वास घेतला. "मग नाही गेले."

सहा वर्षं. त्यातल्या कुठल्याही वर्षी सापडलं असतं.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. लेक बाहेर जाऊन रडून आली. मी हिचा पाय दाबत बसलो. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. मी म्हटलं, माझं चुकलं. ही म्हणाली, "हळू दाबा."

२१ सप्टेंबर

घरी आलो. वर यायला खुर्चीच लागली. शिंपीणबाईंनी दार उघडून विचारलं, आता बरं आहे ना? म्हणाल्या, "कित्येक महिन्यांपासून बघतेय, पहिल्या मजल्यावरच त्यांना बोलता येत नसे. मीच बोलत राहायचे, म्हणजे त्यांना थांबता येईल." परक्या बाईला कळत होतं.

गोळ्या पाच प्रकारच्या. मीठ बेतानं. रोज सकाळी वजन. तीन महिन्यांनी पुन्हा यंत्राने बघायचं. सुधारेल का विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचं सुधारतं, उशीर झाला असेल तर कमी. जिना तोवर बंद.

लेक परत गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही, की भांडलीही नाही. "आईचं ऐका," एवढंच म्हणाली. आज्ञेत राहा या अर्थाने नव्हे, हे मला कळलं.

२९ सप्टेंबर

मी ठरवलंय, रोज विचारायचं. पहिल्या दिवशी हिला हसू आलं. "आता? सोळा वर्षांनी?" पण नंतर सांगायला लागली. हॉस्पिटलच्या आत काय व्हायचं, शेजारच्या खुर्चीत कोण असायचं, केस गेल्यावर आरशाला टॉवेल कुणी टांगला. मला वाटायचं तो वाळत घातला आहे.

काल चौथ्या वेळेचं सांगत होती, ज्या दिवशी औषध कमी दिलं. मी मध्येच विचारलं, "तारीख कोणती गं?" ही थांबली. माफ कर म्हटलं, सांग. तोवर हिचा दम संपला होता.

एका वेळी हिला चारच वाक्यं बोलता येतात. मग डोळे मिटते, थोडा वेळ नुसता श्वास घेते. कधी पुन्हा सुरू करते, कधी झोप लागते. मी मोजलंय, सकाळी चार, संध्याकाळी तीन किंवा चार. एवढी वर्षं ही सलग बोलू शकत होती, जिना चढता चढता बोलू शकत होती, गाणं म्हणत स्वयंपाक करत होती, आणि मी रेडिओ लावत होतो.

आज सकाळी म्हणाली: "त्या दिवशी मला फार भीती वाटली होती. औषध कमी केलं म्हणजे आता आशा सोडली, असं वाटलं. दाराच्या काचेतून तुम्ही दिसत होतात, कागदांना टाचणी लावत. मी तुम्हाला हाक मारली."

डोळे मिटले. मी विचारलं नाही, तेव्हा मी वळून पाहिलं होतं का. हिला ते माहीत आहे. मी खुर्ची जवळ ओढून बसलो आहे. जाग आली की पुढचं सांगेल.